जा तू, मी आहे

दुपारची गोष्ट आहे, भर उजेडातली. अशा गोष्टींना रात्रच लागते असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल, तर त्याच्या घरात तान्हं मूल नसणार.

बाळाच्या आईला दुसऱ्या दिवशी छापखान्यात पुन्हा रुजू व्हायचं होतं. पंपाने काढलेलं दूध फ्रिजमध्ये तयार होतं, पण लेकरू बाटलीला तोंड लावेल तर शपथ! आईचा वास आला की त्याला आईच हवी. दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं होतं, "तू घराबाहेर जा. बाबाने तुझा गाऊन अंगावर घेऊन पाजायचं. वासाला फसतात ही मुलं." आज जमलं नाही, तर नोकरीवर पाणी सोडायचं.

म्हणून ती गच्चीवर जाऊन उभी राहिली. खालून रडणं ऐकू येत होतं. दूध दाटून आलं, अंगावरचा कपडा भिजला, तरी ती कठडा धरून राहिली. आणि एकाएकी रडणं थांबलं.

चोरपावलांनी ती जिना उतरली. दार किलकिलं होतं. खुर्चीत पाठमोरा तिचा निळा गाऊन, डोक्यावरून ओढून घेतलेला, आणि चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज. तिला इतका आनंद झाला की नवऱ्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली.

तेवढ्यात खालच्या जिन्यावर पावलं वाजली. नवरा धापा टाकत वर आला. हातात नव्या निपलचं पाकीट.

"तू बाहेर कशी?" तो कुजबुजला. "जुनं निपल फाटलं. बाळाला पाळण्यात ठेवलं, दारातून गच्चीकडे तुला हाक मारली, तर आतूनच म्हणालीस ना... 'जा तू, मी आहे...'"

दोघांनी आत पाहिलं. ओट्यावर, गरम पाण्याच्या भांड्यात, बाटली भरलेलीच होती. चुटूचुटू मात्र चालूच. नासक्या दुधाचा गार वास दारापर्यंत आला.

नवरा उंबऱ्यातच थबकला. ती आत गेली.

"दे इकडे."

"तू जा ना कामावर..." गाऊनमधून आवाज आला. तिचाच आवाज, फक्त फार दमलेला. "मी आहे..."

तिने गाऊनखाली हात घालून बाळ ओढून घेतलं. त्याचे ओठ कोरडे ठणठणीत होते. पोट खपाटीला गेलेलं. नुसताच आवाज! मग मात्र तिचं टाळकं सटकलं.

"उपाशी ठेवलंस माझ्या पोराला! पाजता येत नाही, आणि म्हणे मी आहे! मी कामावरही जाणार आणि तो माझंच दूध पिणार. तू कोण गं मधे?"

रिकामा गाऊन खुर्चीवरून घसरला.

नवऱ्याने निपल उकळून बाटलीला लावलं. "पाज तू," ती म्हणाली. "मी इथून हलत नाही." बाळाने तिच्याकडे पाहून दोनदा बाटलीवरून तोंड फिरवलं, पण भुकेपुढे त्याचं काही चालेना. बाबाच्या मांडीवर त्याने बाटली तळापर्यंत संपवली. तिला रडू फुटलं आणि हसूही.

नवरा बाटली धुवायला ओट्याकडे गेला. तिने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. ढेकर आला. तिने हात काढला.

थोपटणं थांबलं नाही.

तिने बाळाला घट्ट धरलं. मागे वळून न बघता, दातओठ खात म्हणाली, "थोपट हवं तर. पण बाटलीला हात लावलास, तर याद राख!"

थोपटणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं... जरा जपून.