तीन नंबरच्या कॉइलवरची खूण

“चालता चालता तुम्ही मध्येच बंद पडता का?”

विचारून टाकलं एकदाचं. काउंटरमागे माझे पाय लटपटत होते, पण आवाज ठणठणीत निघाला. मैत्रिणींशी लागलेली पैज आवाजाचीच होती, पायांची नव्हती.

पैज अशी होती. माझी आई गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वर्कशॉपची प्रमुख आहे. त्या सुट्टीत कंपनीने एका मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण त्यांच्या इग्निशन कॉइल सदोष निघाल्या होत्या. कॉइल म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारी मुठीएवढी वस्तू. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एकेक बसवलेली असते. त्यातली एक जरी रुसली तरी गाडी धक्के खाते, कधी भर रस्त्यात बंदच पडते. तपासून द्यायची, खराब असेल तर फुकट बदलून द्यायची, असं ते काम. गर्दी एवढी लोटली की आईने मला टोकन वाटायला बसवलं. टोकन देताना प्रत्येकाला विचारायचं, “गाडी चालता चालता बंद पडते का?” समोरच्या बाकावर बसून गंमत बघणाऱ्या मैत्रिणी म्हणाल्या, आपल्या वयाचा पहिला मुलगा येईल ना, त्याला हाच प्रश्न गाडीबद्दल नाही, त्याच्याबद्दल विचारून दाखव.

गेल्या वर्षीची मी असते तर टोकनसुद्धा डोळे मिटून दिलं असतं. हजेरीला ओ देतानाही माझा आवाज फुटायचा नाही. यंदा मात्र शाळेच्या कार्यक्रमाचं निवेदन मी केलं होतं, तेही कागद न बघता. तेव्हापासून मला जरा पंखच फुटले होते.

तो उंच होता, कान जरासे पुढे आलेले, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि दुसरी दुमडायची विसरलेली. तो हसेल नाहीतर चिडेल, एवढीच माझी तयारी होती. त्याने चक्क विचार केला. छताकडे बघत, अगदी मनापासून.

“हो,” तो म्हणाला. “फळ्यासमोर उभं केलं की.”

“...मग काय करता?”

“काय करणार? खडू हातात धरून उभा राहतो. उत्तर येत असतं, पण निघत नाही. सर ‘बस खाली’ म्हणाले की पुन्हा चालू. तुम्ही?”

“मी टोकन देते,” मी म्हटलं. “मी नाही बंद पडत. हे घ्या, सत्तावीस नंबर.”

यातलं निम्मं खोटं होतं. ते पुढे येईलच.

त्याच्यामागून एक गृहस्थ पुढे आले. त्याचे मामा. ड्रायव्हिंग क्लास चालवायचे, त्यांच्या गाडीवर ‘शिकाऊ’ अशी मोठी पाटी होती. “गाडीला काहीएक झालेलं नाही, ताई,” ते म्हणाले. मला कोणी ताई म्हटल्याची ती पहिलीच वेळ. “बंद पडते ती शिकणाऱ्यांच्या पायगुणाने. क्लच असा सोडतात, जणू गरम तव्यावर पाय पडलाय. कंपनीचा निरोप आला म्हणून आलो, इतकंच.”

सत्तावीस, म्हणजे तो मुलगा, खाली फरशीकडे बघत होता.

त्यांचा नंबर लागला तेव्हा मी टोकनांची पेटी शेजारच्या टेबलावर सोपवली आणि त्यांच्या मागोमाग वर्कशॉपमध्ये गेले. का, ते मला तेव्हा विचारलं असतंत तर मी भलतंच काहीतरी सांगितलं असतं.

आईने बॉनेट उघडलं. तापलेल्या रबराचा वास आला. इंजिन जागेवर चालू होतं आणि नीट कान दिला तर कळत होतं... चालता चालता ते मध्येच एक ठोका गाळत होतं. आईने तपासणीचं यंत्र जोडलं आणि म्हणाली, “तीन नंबर.”

“म्हणजे कॉइल खराब?” मामांनी विचारलं.

“लगेच नाही सांगता येत. कॉइल असेल, नाहीतर ती बसते त्या जागेतच काहीतरी असेल.” आईने इंजिन बंद केलं. खिशातून खडू काढून तिसऱ्या कॉइलवर एक रेघ ओढली. मग ती उपसून पहिलीच्या जागी बसवली आणि पहिली तिसरीच्या जागी.

“काकू, ही खूण कशाला?” सत्तावीसने विचारलं.

“अदलाबदल केली की सगळ्या सारख्याच दिसतात. कुठली मूळची कुठली, ते विसरायला होतं.” आईने हात पुसले. “आता ऐक. ठोका हिच्यासोबत गेला, तर दोष हिचा. तिथेच राहिला, तर दोष जागेचा.”

इंजिन पुन्हा चालू झालं. यंत्र आता एक नंबर दाखवत होतं.

“गेला सोबत,” आई म्हणाली. “कॉइलच आहे. कधीपासून अडखळतेय ही?”

“वर्ष तरी झालं असेल,” मामा म्हणाले. “पण मला वाटलं...”

“शिकणाऱ्यांचे पाय,” सत्तावीस म्हणाला. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “मामा, आईचासुद्धा पाय.”

मामांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. घाम आलेला नव्हता.

नंतर काउंटरशी उभं राहून त्याने मला सांगितलं. त्याची आई याच गाडीवर शिकत होती. एकदा भर चौकात गाडी बंद पडली. मागे ट्रकांचे हॉर्न आणि शेजारी सख्खा भाऊ म्हणतोय, “तुझ्या हातून नाही व्हायचं हे.” ती त्या दिवशी गाडीतून उतरली ती पुन्हा बसलीच नाही. अजून दोन बस बदलून कामावर जाते.

“मीही तेच धरून चाललो होतो,” तो म्हणाला. “की तिला जमत नाही. आम्हां सगळ्यांनाच तसं वाटायचं. आणि तिला तर सगळ्यांत जास्त.”

आईकडे त्या वेळी एकच नवी कॉइल शिल्लक होती. ती बसवली. बाकीच्याही त्याच खेपेतल्या होत्या, पण माल यायचा होता. “आला की बदलू. तोवर शिकाऊंना मोठ्या रस्त्यावर न्यायचं नाही,” आईने मामांना बजावलं. मामांनी मान हलवली आणि जाता जाता स्वतःच्या हाताने गाडीवरची पाटी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस सायकलवरून हजर.

“माल आला का?”

“आम्ही फोन करून कळवतो. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय.”

“वाचलं मी.”

“मग?”

“फोनवर... मी बंद पडतो.”

“काल तर चांगले चालत होतात.”

“काल समोर तू होतीस— म्हणजे तुम्ही... म्हणजे काउंटर होतं.”

मी लावलेली टोकनं विस्कटली आणि पुन्हा लावली. “तूच म्हण,” मी टोकनांनाच सांगितलं.

मग तो येतच राहिला. कधी माल आला का विचारायला, कधी सायकलीत हवा भरायला. हवा भरलेल्या चाकात किती वेळा हवा भरणार? “या मुलाला एक कायमचं टोकन देऊन टाक,” आई म्हणाली आणि हसू लपवायला बॉनेटमध्ये डोकं घातलं.

माल लांबला आणि एके दिवशी लोकांचा पारा चढला. प्रतीक्षागृह खच्चून भरलेलं. एक काका म्हणाले, गाडी छान चाललीय, उगाच हेलपाटे घालायला लावता. मग सगळे त्यांच्या सुरात सूर मिसळून बोलायला लागले. आई आत गाडीखाली होती. मी उठून उभी राहिले. कार्यक्रमाचं निवेदन केलेली मी, पंख फुटलेली मी... तोंड उघडलं आणि आत काही नव्हतंच. एक शब्द नाही. इतके चेहरे, आणि त्यात माझ्या मैत्रिणींचा एकही नाही.

तेव्हा सत्तावीस पुढे झाला. चहाचे चार कागदी कप त्याने काउंटरवर एका रांगेत ठेवले.

“काका, या चार कॉइल धरा,” तो म्हणाला. “यातली एक चुकार. तुम्ही गाव सोडून मोठ्या रस्त्याला लागलात आणि तिथे ती रुसली, तर मागून येणाऱ्याला कसं कळणार की तुमची गाडी थांबलीय?” मग त्याने कपांची अदलाबदल केली, आईचीच वाक्यं आपल्या ढंगाने सांगितली, आणि आपल्या आईची चौकातली गोष्टही सांगितली, नाव न घेता. लोक ऐकत होते. हेलपाट्यांवाल्या काकांनी तर शेवटी एक कप उचलून त्यात काही आहे का तेही बघितलं.

संध्याकाळी आम्ही वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. आत हवेच्या नळीचा फुसफुस आवाज येत होता.

“एकदाही बंद पडला नाहीस,” मी म्हटलं.

“इथे फळा नव्हता.”

“मग दोष तुझा नाहीच. जागेचा आहे.”

“असेल.” तो थोडा थांबला. “नाहीतर... जागा बदलली तेव्हा शेजारचं माणूसही बदललं, त्यामुळे असेल.”

माझे कान गरम झाले. दुसरं काही सुचेना म्हणून मी खरं ते सांगितलं, जे मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. दूरच्या एका शाळेत मला अकरावीसाठी प्रवेश मिळाला होता, यंत्रांचा अभ्यास असलेल्या शाखेत, वसतिगृहात राहून. मला तीच शाखा हवी होती. आईबाबा म्हणाले होते, निर्णय तुझा, आम्ही मध्ये पडणार नाही. महिनाअखेर कळवायचं होतं आणि महिना संपत आला होता.

“मग अडलंय कुठे?” त्याने विचारलं.

“आज बघितलंस ना? मैत्रिणी पहिल्या रांगेत असल्या की मी बोलते. नसल्या की... हे असं. हा धीटपणा माझा आहे का त्यांचा, तेच मला माहीत नाही. तिथे गेले आणि पुन्हा मुकी झाले तर?”

त्याने पायरीवरचा खडा उचलून दूर टाकला. मी वाट बघत होते. त्याने काय म्हणावं असं मला वाटत होतं, ते तुम्हाला कळलंच असेल.

“मी ‘नको जाऊस’ म्हटलं,” तो अगदी हळू म्हणाला, “तर थांबशील?”

“...बहुतेक.”

“म्हणूनच म्हणत नाही.”

त्याने सायकल घेतली आणि निघून गेला. हवा न भरता.

माल आला. मी फोन केला, तो त्याच्या मामांनी उचलला. दुसऱ्या दिवशी ती गाडी फाटकातून आत आली आणि मी काउंटर सोडून बाहेर पळाले. स्टिअरिंगमागे एक बाई बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून, दोन्ही हातांनी ते आवळून. शेजारी मामा, मांडीवर हातांची घडी घातलेली, शाळेतल्या मुलासारखी; गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांनीच बहिणीला चालवायला बसवलं होतं, हे नंतर कळलं. मागच्या सीटवर सत्तावीस. गाडी फाटकाच्या चढावर एकदा अडखळली, थांबली. मामांनी तोंड उघडलं आणि... पुन्हा मिटलं. बाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी अलगद आत आणून उभी केली.

“हे आत्ताचं थांबणं माझं होतं बरं का,” खाली उतरत त्या माझ्या आईला म्हणाल्या. “कॉइलवर नका घालू.”

“चालायचंच,” आई म्हणाली. “आपलं आपल्याला कळलं की दुरुस्त होतं.”

उरलेल्या कॉइल बदलल्या. जुन्या सगळ्या कंपनीला परत पाठवायच्या खोक्यात गेल्या. तीन नंबरच्या कॉइलवर खडूची रेघ अजून होती. इंजिन चालू झालं आणि मी कान देऊन ऐकलं. एकही ठोका गळत नव्हता. माझाच तेवढा गळला, कारण आता गाडीच्या निमित्ताने यायचं कारण संपलं होतं.

मी घरी जायला पाठीवर बॅग अडकवली होती. तेवढ्यात तो आला. माझ्या आईच्या टेबलावरचा खडू त्याच्या हातात होता. फळ्यासमोर ज्याने त्याला एक अक्षरही लिहवत नसे, तसाच.

“मागे वळ,” तो म्हणाला.

मी वळले. बॅगवर खडू ओढल्याचा खरखर आवाज आला. एकच रेघ, सावकाश.

“हे काय?”

“अदलाबदल केली की विसरायला होतं,” तो म्हणाला. आवाज जरा अडखळला, पण बंद पडला नाही. “मूळची कुठली, ते लक्षात राहावं... म्हणून.”

“खडू आहे. पुसला जाईल.”

“मग येऊन पुन्हा ओढून घे. सुट्ट्या असतातच की.”

मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला माझा चेहरा दिसला असता, आणि ते त्या दिवशी मला परवडण्यासारखं नव्हतं.

घरापर्यंतच्या रस्त्यावर मी फक्त विचार करत होते. इथे बसून कितीही डोकं खाजवलं तरी धीटपणा माझा की मैत्रिणींचा, ते कळणार नव्हतं. आई जे कॉइलचं करते तेच करायला हवं होतं. उपसायचं, दुसरीकडे बसवायचं, आणि सोबत काय येतं ते ऐकायचं. धीटपणा येतो का. आणि तो दुसरा, गळणारा ठोका... तोही येतो का.

घरी बाबा कपड्यांचा ढीग घेऊन मशीनपाशी उभे होते. आमच्याकडे धुणं त्यांचं खातं. आई पाठोपाठ आली आणि चपला काढत होती. बाबांनी माझ्या पाठीवरची बॅग उतरवून घेतली.

“ही कुठे घासून आणलीस? पांढरं काय लागलंय? आण, टाकतो यातच.”

“बाबा, नको.” माझा आवाज चढला. काउंटरमागे मैत्रिणींच्या पैजेसाठी लागला होता तसा ठणठणीत, आणि इथे तर मैत्रीण एकही नव्हती.

आईने रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. ती एक चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली.

मी बॅग बाबांच्या हातातून काढून घेतली आणि छातीशी धरली.

“त्या शाळेला उद्या कळवा,” मी म्हटलं. “मी जातेय. आणि ही बॅग सुट्टीत परत येईपर्यंत कोणी धुवायची नाही.”