कोणी नाही, सोड!

दिवे गेले होते. मामा भिंतीला टेकून बसले आणि आम्हा भाचरांना म्हणाले, "ऐकायचं तर मध्ये किंचाळायचं नाही. विशेषतः तू." मी उशी घट्ट धरली.

"माझा दोस्त मिस्त्री सार्वजनिक हमामखान्यात बॉयलर सांभाळायचा. काय वास्तू होती! संगमरवरी खांब, रंगीत काचांचा घुमट. आणि बांधली कुणासाठी? तर ज्यांच्या घरात धड न्हाणीघर नाही त्यांच्यासाठी. हमाल तिथं राजासारखे न्हायचे.

वाफेच्या खोलीचा एक रिवाज होता. मिस्त्री तळघरातून ओरडायचा, 'आत कोणी?' लादी घासणारी मावशी खोलीत नजर टाकून वरून सांगायची, 'कोणी नाही, सोड!' मगच वाफ सुटायची.

एकदा बडे पाहुणे यायचे होते. हमामखान्याच्या साहेबांना घाई. मावशीची वाट न बघता, आत न डोकावता तेच ओरडले, 'कोणी नाही, सोड!'

मावशी आत होती. अर्धी लादी घासून झाली होती.

चौकशीत साहेब म्हणाले, बाई न सांगता आत शिरली. प्रकरण मिटलं. उरलेली अर्धी लादी मात्र काळी ती काळीच. कितीही घासा.

पुढच्या वर्षी साहेबांनी फर्मान काढलं, हमाल-बिमाल बंद, यापुढे फक्त सभासद. उद्घाटनाच्या आदल्या रात्री, जानेवारीतला शेवटचा शनिवार होता, साहेब आणि मिस्त्री दोघंच वाफ तपासायला गेले.

'मिस्त्री, मी आत एकदा बघून येतो. तू खाली थांब.'

'बाहेर आलात की हाक द्या, साहेब.'

'देतो रे. भित्रा लेकाचा!'

मिस्त्री थांबला. बराच वेळ. हाक नाही. मग सवयीनं ओरडला, 'आत कोणी?'

'कोणी नाही, सोड!'

हात फिरला. वाफ सुटली.

आणि मग... त्याच्या लक्षात आलं.

आवाज बाईचा होता.

वाफेची चावी उलटी फिरवली. फिरेना. जिना चढला. दार हलेना. आतून धडका... मग एकच. मग..."



"मग?" दादानं विचारलं.

"पहाटे दार तोडलं. अख्खी लादी आरशासारखी लखलखत होती. साबणाचा फेस अजून ओला. साहेबांना उचललं, तर त्यांच्याखाली... माणसाच्या आकाराएवढी जागा तेवढी काळी राहिलेली."