तुझ्या गावात तू दिसत नाहीस

ऑस्ट्रेलियाच्या थंडगार दक्षिण टोकाला, होबार्टच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी कुणीतरी हीटर भलताच चढवून ठेवला होता. भिंगाखालच्या उंदराच्या मेंदूच्या पेशी ऊब लागताच पिसाळल्यासारखे संदेश सोडत होत्या. प्रयोग पार वाया!

"कुणाचा हा आगाऊपणा?"

"माझा," दोन जॅकेटं आणि मफलर यांच्या आतून आवाज आला. "मी मनोली. यंत्रं दुरुस्त करायला आलोय. उत्तरेकडच्या उकाड्यातल्या डार्विन शहराचा आहे गं... गोठून मेलो असतो!"

"मेला असतास तर निदान पेशी वाचल्या असत्या."

तो हसला. आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे धुकं आलं. मी टेबल घट्ट धरलं. त्यानं काही न विचारता खिडकी उघडली.

मग सांगावंच लागलं. माझ्या मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण आजारानं झिजलंय. अंग तापलं की डोळ्यांचा निरोप वाटेतच अडतो. गार झालं की पुन्हा दिसतं.

त्या हिवाळ्यात तो रोज सकाळी माझ्याबरोबर समुद्रात उतरायचा, कुडकुडत, देवाचं नाव घेत.

"तमसिन, तुझ्यापायी निळा पडलोय, बघ!"

"शोभतंय तुला."

त्याच निळ्या ओठांनी त्यानं माझं पहिलं चुंबन घेतलं.

मग त्याचे वडील गेले. डार्विनला आई एकटी, मासेमारीची बोट धक्क्याला बांधलेली. "चल ना माझ्याबरोबर," तो म्हणाला, "घरभर एसी लावू." मला जायचंच होतं. गेले.

त्याच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये पंखे नुसतेच गरगरत होते. घामानं मी निथळत होते. कुणीतरी उकडलेल्या गव्हाचा प्रसाद माझ्या हातात ठेवला.

"आभारी आहे हं," मी परक्याला म्हणावं तसं म्हटलं.

"तमसिन..." तो हळूच म्हणाला, "मी आहे गं."

मी होबार्टला परत निघाले, तेव्हा विमानतळावर तो एकच धोशा लावून बसला. "मीच येतो होबार्टला."

"आणि आई? बोट?"

त्यानं माझी बॅग स्वतःकडे ओढून धरली.

"माझं प्रेम आहे रे तुझ्यावर. खूप आहे. पण तुझ्या गावात तू मला दिसत नाहीस — आणि माझ्या गावात तू राहू शकत नाहीस."

विमानतळावरच्या एसीच्या गार हवेत त्याचा चेहरा पुन्हा स्पष्ट होत गेला. वडिलांच्या दुखवट्यात वाढवलेली दाढी, रडून सुजलेले डोळे... सगळं दिसलं. विमानाची घोषणा झाली, तरी मी बघतच राहिले.