आईच्या मापाचं शून्य

इचलकरंजीत आता कुणी कुणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारत नसे. आधी कॉलर बघायची. पांढरी असली तर माणूस ठीक. निळी होत चालली असली तर थांबायचं, चहा पाजायचा, चार गोष्टी बोलायच्या. तसा रिवाजच पडला होता.

हे रंग बदलणारं कापड शाल्मली मगदूमनं घडवलं होतं. शिकायला पुण्यात असताना तीन वर्षं ती खोलीत एकटी कुढत होती आणि ते कुणाच्या नजरेसही पडलं नाही, याचा तिला फार राग होता. त्या रागातून हे 'मनसूत' निघालं. माणूस मनानं एकटा पडला की त्याच्या घामातली रसायनं बदलतात. मनसुताचा धागा ती ओळखतो आणि निळा होतो. मात्र कुठल्याही मापाला आधी शून्य ठरवावं लागतं. ज्याला एकटेपणा ठाऊकच नाही अशा माणसाचा घाम, ते मनसुताचं शून्य.

आणि गेल्या सोमवारी जीव द्यायला निघालेल्या मिरजेच्या एका शिक्षिकेला लोकांनी विहिरीतून जिवंत बाहेर काढलं, तेव्हा तिची कॉलर पांढरीशुभ्र होती.

तेव्हापासून शाल्मलीच्या जिवाला चैन पडेना. बसली की उठे, उठली की मागापाशी जाई, सूत हातात घेई आणि तसंच टाकून देई. शेवटी तिनं रसायनतज्ज्ञ डॉ. हेरवाडेंना गाठलं.

"धागा बिघडला का हो, सर?"

"धागा चोख आहे. बाईंचा घाम मी स्वतः तपासला. आपल्या शून्याशी तंतोतंत जुळतो."

"म्हणजे त्या एकट्या नव्हत्या?"

"किंवा आपलं शून्यच एकटं होतं. नमुना कुणाचा घेतला होतास?"

इथले विणकर नवा माल काढताना पहिला नमुना घरच्या खात्रीच्या कापडावरून घेतात. शाल्मलीनंही तेच केलं होतं. घरात अकरा माणसं, येणारे-जाणारे वेगळे. "आमच्या आईला एकटं पडायला फुरसत कुठाय?" असं म्हणत तिनं आईच्या घामेजल्या पदराची वीतभर चिंधी कापून आणली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

हेरवाडेंनी आपापल्या आईच्या कुशीत झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या घामावरून नवं शून्य काढलं आणि त्या सुताची एक बाही तिच्या हातात ठेवली. "जपून हं. हे बाजारात गेलं तर निम्मा देश निळा होईल. एवढ्यांना चहा पाजायला माणसं कुठून आणणार आहेस?"

ती घरी आली तेव्हा दुपारची पंगत बसली होती.

"आई, जरा हात दे."

"आत्ता? तव्यावरची भाकरी करपंल की गं."

तरी आईनं हात पुढे केला आणि शाल्मलीनं त्यावर बाही चढवली. बाही मनगटापाशी निळी झाली, निळाई कोपराच्या वर चढली, खांद्याशी तर काळीच पडली. पंगतीत कुणाचं लक्ष नव्हतं. काका आमटी मागत होते.

"आई, कधीपासून गं?" शाल्मलीला रडू आवरेना.

आईनं घाईनं पदर ओढून बाही झाकली. "हे आता सगळ्या बायकांच्या अंगावर येणार?"

"हो."

"नको गं बाई. पांढऱ्यात निदान पंगत वाढता तरी येतंय," आई म्हणाली आणि आमटीचं पातेलं उचलून पंगतीत गेली.