तारेची ढील

"आलं... आलं... गेलं!"

आतून पापा ओरडत होते आणि मी शिडीवर उभी राहून झाडूच्या दांड्याने टीव्हीची डिश ढकलत होते. पाऊस बारीकच होता, पण नेमका मानेवरून आत शिरणारा.

"अजून डावीकडे, ओडेट! खेळाडू दिसायला लागले होते!"

"आता मी पडले ना पापा, मग बघा कोण दिसतं ते!"

"उपग्रह तिकडे नाहीये," खालून कुणीतरी म्हणालं.

मी दचकले. झाडू हातातून सुटला तो थेट त्याच्या टोपीवर.

"स्वागताची पद्धत आवडली," टोपी सरळ करत तो म्हणाला. "मी एमरी. डिश बघायला पाठवलंय मला."

"तुम्ही सकाळी येणार होता."

"रस्त्यात चिखल होता."

"व्हरमाँटमध्ये चिखल असतोच. लोक त्यातूनच येतात!"

तो हसला. हसताना त्याचा एक दात किंचित वाकडा दिसला आणि तेवढ्यानेच माझा राग अर्धा उतरला... मग मला माझाच राग आला.

त्याने डिशचे स्क्रू आवळले आणि तो तारेवरून बोट फिरवत भिंतीपर्यंत आला. तिथला जोड उघडला, तर त्याच्या तळहातावर पाण्याची छोटीशी धारच पडली.

"ही तार कुणी ओढली?"

"मी," पापा दारात येऊन म्हणाले. "का? काही चुकलंय?"

चुकलं होतं, पण ते पापांना सांगणार कोण? आमचा मेपलचा धंदा. झाडांचा रस नळ्यांतून खोपटीत आणायचा आणि आटवून पाक करायचा. त्यासाठी नळी कशी हवी? ताठ, आणि उतार सरळ आपल्याकडे. जरा झोळ पडला की रस तुंबलाच. दुसऱ्याच्या रानात नळी लोंबताना दिसली तरी पापांना जेवण जायचं नाही. हिवाळ्यात डिश आणली तेव्हा तारही त्यांनी तशीच ताणली, छपरापासून भिंतीतल्या भोकापर्यंत. मग काय, पाऊस आला की त्या तारेवरून घसरत सुखाने आमच्या घरात.

"काम मजबूत आहे तुमचं," एमरी जपून म्हणाला. "फक्त... तुम्हाला रस आत आणायचा असतो, मला पाणी बाहेर ठेवायचंय. तारेला थोडी ढील द्यावी लागते. मग थेंब खालच्या खालीच गळून जातात."

त्याने जोड बदलला आणि भोकाजवळ तार अशी खाली झुकवली की तिचा छान झोका झाला. पापा त्या झोक्याकडे दुसऱ्याचा पायमोजा आपल्या दारात वाळत घातल्यासारखे बघत होते.

"लोंबतंय ते."

"लोंबू द्या, पापा. हॉकी दिसतेय ना?"

हॉकी दिसत होती. पापा निमूट खुर्चीत जाऊन बसले. मी एमरीला गरम डोनट दिले, सोबत आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाक आणि बरणीत मुरवलेली आंबट काकडी.

"काकडी विकतची?" पहिल्याच घासाला त्याने विचारलं.

"कळलं वाटतं?"

"माझी आई घालते बरण्या भरून. तुम्ही एकदा खाऊन बघा... म्हणजे, कधी योग आला तर."

योग! तो गेल्यावर मी बराच वेळ रिकामी बशी पुसत बसले होते.

पुढच्या पावसात चित्र पुन्हा गेलं. बाहेर जाऊन बघते तर तार ताठ, वर मारलेल्या क्लिपा अगदी एका रांगेत.

"पापा!"

"कसंतरीच दिसत होतं गं. येणारे-जाणारे काय म्हणतील?"

एमरी आला. त्याने तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपोआप ताणली गेली वाटतं?"

"आमच्या घरात तारासुद्धा स्वाभिमानी असतात."

"आणि माणसं?"

"माणसं तर विचारूच नका."

तो शिडीवर चढला. मी खालून शिडी धरली.

"शिडी हलतेय," तो म्हणाला.

"मी नाही हलवत."

"मग माझेच पाय असतील..."

"उंचीची भीती वाटते?"

"उंचीची नाही," तो म्हणाला आणि उगाचच पक्कड शोधत राहिला. पक्कड त्याच्याच हातात होती. मला सगळं दिसत होतं. मी शिडी मात्र घट्ट धरून ठेवली.

काम झाल्यावर तो पापांजवळ बसून अर्धा सामना बघायचा. पापा त्याच्याशी पंचावरून भांडायचे आणि तो निघाला की चार दिवसांनी पुन्हा तार ताणायचे. मग पाऊस, मग माझा फोन, मग त्याची गाडी. आमचं असं छान चाललं होतं आणि मला ते आवडत होतं, खोटं कशाला सांगू? पण रात्री एक प्रश्न डोकं वर काढायचा. तार नीट राहिली, तर हा माणूस येईल का?

अंतिम सामन्याच्या दुपारी ढग दाटून आले. तार अर्थातच ताठ होती. मी शिडी लावली, क्लिपा उपटल्या आणि त्याने दाखवला होता तसा झोका सोडला.

"हे काय करतेस?" पापा खाली येऊन उभे राहिले.

"ढील देतेय. आता हात लावायचा नाही."

"अगं, मग तो मुलगा परत कशाला येईल? आज सामना कुणाबरोबर बघू मी?"

माझे हात क्षणभर थांबले.

"यायचं असेल तर येईल," मी म्हणाले. तारेसाठी येणारा माणूस मला नको होता. तो माझ्यासाठी येतो का, ते मला बघायचं होतं.

पाऊस आला तो धो धो. चित्र आरशासारखं स्वच्छ! पापा खुशीत खुर्ची पुढे ओढत होते आणि मी खिडकीशी उभी होते. झोक्याच्या तळाशी थेंब जमायचा, जड व्हायचा, गळून जायचा. इतकं चांगलं काम केल्याबद्दल मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या देत होते.

आणि मग वळणावर गाडीचे दिवे दिसले.

मी दार उघडलं. एमरी पायरीवर निथळत उभा होता.

"मी फोन केला नव्हता," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"सगळं नीट चाललंय. चित्र स्वच्छ आहे."

"तसंच वाटलं मला. पाऊस सुरू झाल्यापासून फोनजवळच बसलो होतो. वाजलाच नाही."

"मग?"

"वाजला नाही... म्हणून आलो."

त्याच्याकडे हत्यारांची पिशवी नव्हती. हातात आंबट काकडीची बरणी होती, ती त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"मला वाटायचं, तुम्ही तारेसाठी येता," मी म्हणाले.

"तारेसाठी पहिल्यांदा आलो होतो, ओडेट. नंतर... प्रत्येक वेळी ढगांकडे बघत बसायचो, कधी पडतोय म्हणून. आज म्हटलं, ढगांच्या भरवशावर किती दिवस राहायचं? मला तू आवडतेस."

माझे डोळे भरून आले आणि हसूही आलं. मी त्याच्या हातातली बरणी काढून घेतली, कारण ती मध्ये येत होती.

"मलाही," मी म्हणाले. "तू आवडतोस. कधीपासून, ते विचारू नकोस. झाडू पडला तेव्हापासून असेल."

"दार लावा रे कुणीतरी!" पापा आतून ओरडले. "पाणी येतंय घरात!"

आम्ही दोघांनीही दार लावलं नाही. आत एकदम गलका झाला, पापांनी टाळी वाजवली. गोल झाला होता. कुणी केला, ते मला अजून माहीत नाही.