चुन्याची निवळी

"माझ्या बायकोची पोवळी कुणीतरी मारली," घड्याळजी म्हणाले आणि खुर्ची चाचपून बसले.

खासगी तपास करणाऱ्या त्या बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. त्या हसल्या नाहीत. त्यांची पिशवी सांभाळणारा त्यांचा धाकटा दीर हसणार होता. वहिनीने डोळे वटारले तसं त्याने हसू खोकल्यावर नेलं.

घड्याळजींची बायको हिवाळ्यात गेली. मागे राहिली तिची खाऱ्या पाण्याची काचपेटी, मासे आणि जिवंत पोवळी. पोवळ्यांना आपला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं. म्हणून ती बरणीत चुना कालवायची, गाळ खाली बसू द्यायची आणि वरची स्वच्छ निवळी नळीतून थेंबथेंब पेटीत सोडायची. तिच्यामागे ते काम घड्याळजी करत. परवा दुपारी पेटीतलं सगळं मेलं.

"सुनेचंच काम आहे. पेटी काढून टाका म्हणून मागे लागली होती. उद्या मुलगा परगावाहून येतोय. तुमचा शब्द मिळाला की तिला या घरातून जायला सांगणार."

दोघं घड्याळजींबरोबर त्यांच्या घरी गेले. पेटीत दगडांवर पिठासारखा पांढरा थर बसला होता.

"काच बघा किती धुरकट," घड्याळजी म्हणाले. "कधी पुसत नाही ही."

दिराला काचेत आपलं टक्कल लख्ख दिसत होतं. त्याने टोपी घातली.

"निवळी कशी सोडता?" टाचणीबाईंनी विचारलं.

घड्याळजी स्टुलावर चढले. पांढऱ्या भिंतीला लागून फळीवर बरणी होती. त्यांनी तोटीपाशी कान नेला. "एक टिक, एक थेंब. जन्म गेला टिकटिक ऐकण्यात. परवा तोटी गप्प होती. जरा सोडली, तरी गप्प. मग पुरती उघडली आणि जेवायला गेलो. येऊन बघतो तर बरणी रिकामी."

"निवळी जास्त झाली असेल."

"मग कॅल्शियम वाढायला हवं ना? दुकानदारानं मोजलं, तर उलट घसरलेलं. सुनेनं चुन्याच्या जागी भलतंच काही कालवलं."

पेटीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराला घड्याळजींनी बोलावून ठेवलं होतं. "माझा चुना चोख आहे, बाई. पण आकडा घसरला, हे खरं."

बरणी घासूनपुसून चकचकीत होती. टाचणीबाईंनी ती हुंगली. व्हिनेगरचा वास; चुन्याचे डाग त्यानेच निघतात.

"मी धुतली," सून दारातून म्हणाली. "घाण झाली होती."

"परवा सकाळी हात लावला होता?"

"खाली घेतली, फळी पुसली, परत ठेवली."

"आणि पेटी का नको होती?"

"बाबा स्टुलावर चढतात. दोनदा पडलेत."

"वहिनी, हिनेच पुरावा धुतला," दीर कुजबुजला.

"धुतला, भाऊजी. पण कुणासाठी, ते बघा."

त्यांनी बरणीत पाणी आणि चुना घालून ढवळलं आणि ती फळीवर ठेवली. "घड्याळजी, पाणी कसं आहे?"

ते वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले. "स्वच्छ."

दिराने पाहिलं. बरणीत दूध असावं तसं पांढरंफेक पाणी होतं.

टाचणीबाई हळू आवाजात बोलल्या. "हिनं बरणी हलवली, गाळ वर आला. पांढरं पाणी बघून दुसरं कुणीही थांबलं असतं. तुम्हाला गाळ दिसला नाही. गाळानं तोटी तुंबली, टिक ऐकू येईना, म्हणून तुम्ही ती पुरती उघडलीत. मग गाळ सुटला, सगळा चुना एकदम पेटीत गेला आणि त्याच्या दाहानं सगळं मेलं. एवढा चुना पडला की पाण्यातलं कॅल्शियमसुद्धा दगड होऊन खाली बसतं. हा थर तोच. म्हणून आकडा घसरला. काच धुरकट नाही, घड्याळजी. दगडावर थर बघून सुनेला सगळं उमगलं, आणि तिनं बरणी धुतली."

"पण बोलली का नाही ही?" दिराने विचारलं.

"काय सांगू?" सून म्हणाली. "आईंचं एवढंच उरलं होतं त्यांच्याजवळ. ते त्यांच्याच हातून गेलं, हे सांगू?"

घड्याळजी स्टूल धरून खाली बसले. "माझ्या डोळ्यांचं तुला कधीपासून ठाऊक?"

"आई होत्या तेव्हापासून. त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, घड्याळांचं दुकान बंद केल्याचं दुःख त्यांना पुरे आहे, डोळ्यांचा विषय आपण काढायचा नाही."

"तिला माहीत होतं," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी मान वर केली. "उद्या मुलाला मीच सांगेन. तू कुठे जाऊ नकोस."

"नाही जात."

"पेटीत काही उरलंय का गं?"

सून काचेशी वाकली. एकेक दगड बघत गेली.

"नाही, बाबा."

"परत एकदा बघ."

ती पुन्हा वाकली.