परत न आलेला परवाना

केंटकीच्या त्या डोंगराळ कौंटीत लग्नाचा परवाना कचेरीतून मिळे. पाद्रीबाबा लग्न लावत, खालचा अर्धा कागद भरून परत धाडत, आणि कारकून तो वहीत उतरवून घेई. पाद्रीबाबा विसरले, तर लागलेलं लग्नही न लागल्यासारखंच.

वेल्माची पणजी केझाया हिचा परवाना असाच परत यायचा राहिला होता. हायरम टॅकेटची ती दुसरी बायको. पहिली, परमेलिया, बाळंतपणात गेली. पण तिचं पान वरपासून खालपर्यंत भरलेलं. जोएटा त्या परमेलियाची पणती.

"ताई, मी तरी काय करू?" चर्चच्या जेवणावळीत कोंबडीची तंगडी हातात धरून जोएटा म्हणाली. "रविवारी टॅकेट घराण्याच्या मेळाव्यात वंशवृक्ष लावायचाय. आमची रेघ सरळ, तुमची तुटक. कागद आण, लगेच जोडते. नाहीतर लोक म्हणतील, तुमची पणजी नुसतीच राहायला आली होती!"

बायका हसल्या. वेल्माही हसली, आणि पोटात निखारा घेऊन घरी आली. कागद मिळेपर्यंत गोड वर्ज्य, असं तिनं प्रभूला सांगितलं.

सोमवारी ती कचेरीच्या तळघरात बसली. १८८७ ची वही. वर हायरम आणि केझाया. खाली कोरं.

मंगळवारी खाली तारीख होती, तपकिरी शाईत. १४ ऑक्टोबर. साल नव्हतं. आणि त्या मंगळवारी तर ऑक्टोबरची अकराच तारीख होती.

"काल हे नव्हतं," ती म्हणाली.

कारकून कॉयनं चष्मा वर केला. "वेल्माबाई, शंभर वर्षांत त्या वहीला कुणी टाक लावलेला नाही. उपास फार करता तुम्ही."

बुधवारी पाद्रीबाबांचं नाव आलं. तिनं बोट लावलं. बोट ओलं झालं. भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं ते एवढंच, की आता जोएटाचं तोंड बघण्यासारखं होईल.

गुरुवारी स्थळ आलं: वधूचं घर. केझायाच्या त्याच घरात आता वेल्मा एकटी राहत होती.

शुक्रवारी, चौदा तारखेला, शेवटची ओळ भरली. साक्षीदार: जोएटा. तिच्या नवऱ्याच्या आडनावासकट.

वेल्मानं कॉयच्या टेबलावरून फोन लावला. "सकाळी कुठं होतीस गं?"

"तुझ्याच घरी." जोएटाचा आवाज अगदी बारीक होता. "तूच ना निरोप धाडलास? दारातच एकीनं हात धरून आत नेलं. हात किती गार गं, ताई..."

"नवरी कशी होती?"

"तुझ्यासारखी. तिनं मला पोटाशी धरलं."

वेल्मानं फोन ठेवला. पणजी माझी, आणि पोटाशी धरलं हिला.

ती घरी आली. दार उघडंच होतं.

दिवाणखान्यात दोन ओळींत खुर्च्या मांडल्या होत्या. इतक्या खुर्च्या तिच्या घरात नव्हत्याच. तिनं एकेकीवर तळवा टेकवून पाहिला. सगळ्या अजून उबदार होत्या.

पुढच्या ओळीतली, मधली, तेवढी गार होती; वेल्मासाठी राखलेली ती रिकामीच राहिली होती.